नाव डायनामो, आत अल्टरनेटर: जुन्या पिकअपच्या वायरिंगमधला इतिहास

आजचा भाग गाड्यांचा आहे, पण इंजिनाचा नाही, मायलेजचा नाही आणि टॉप स्पीडचा तर अजिबात नाही. आज आपण बोलणार आहोत तारांबद्दल. जुन्या पिकअपच्या बॉनेटखाली, डॅशबोर्डच्या मागे, चॅसीच्या कडेनं गेलेल्या त्या काळ्या पडलेल्या तारा. त्यांना हात लावायला मालक घाबरतो आणि वायरमन पैसे वाढवून सांगतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांकडे जा, भोसरी एमआयडीसीत जा, नाहीतर हडपसरला हायवेच्या कडेला थांबा. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानावर अशा पाट्या अजून दिसतात: 'सेल्फ, डायनामो व वायरिंगची कामे'. यातला सेल्फ म्हणजे स्टार्टर, हे आपल्याला माहीत आहे. पण डायनामो? आज रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांमध्ये डायनामो जवळजवळ उरलेलाच नाही. जे आहे ते अल्टरनेटर. तरी बॅटरी उतरली की मिस्त्री म्हणतो, 'डायनामो गेला वाटतं.' मशीन बदललं, नाव तेच राहिलं.

पुण्याला हे नवं नाही. आपण मालवाहू छोट्या गाडीला सरसकट टेम्पो म्हणतो. गाडी टाटाची असो, महिंद्राची असो, 'टेम्पो बोलावलाय' असंच म्हणतो. खरं तर टेम्पो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. ते पुण्याच्या बोलीत कसं शिरलं हे पुढे येईलच.

शब्द जुना राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण शब्दाबरोबर जुन्या सवयी राहिल्या, जुन्या तारा राहिल्या आणि त्यातून नवा, दुप्पट-तिप्पट करंट सोडला, तर गाडी पेटू शकते. म्हणून आजोबांची जीप, काकांची मॅटॅडोर किंवा वडिलांची टाटा मोबाईल पुन्हा रस्त्यावर आणायचं मनात असेल, तर 'मोठा अल्टरनेटर टाकून द्या' असं सांगण्याआधी हा इतिहास ऐकून घ्या. तुमच्या गाडीत काय आहे आणि ते तसं का आहे, ते त्यातच कळेल.

आधी कोण आलं?

आपल्याला वाटतं की डायनामो जुना आणि अल्टरनेटर नवा. गाड्यांपुरतं ते खरं आहे. पण विजेच्या इतिहासात क्रम उलटा आहे.

१८३१ साली मायकेल फॅरडेनं दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, पॅरिसमध्ये हिप्पोलिट पिक्सी यानं हातानं फिरवायचं एक यंत्र बनवलं. त्यात चुंबक फिरायचा, आणि चुंबकाचं एकेक टोक वेटोळ्यासमोरून गेलं की विजेची दिशा बदलायची. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. यालाच आपण एसी म्हणतो. म्हणजे निसर्गतः फिरत्या यंत्रातून येते ती उलटसुलट दिशेची वीजच. त्या काळात अशा विजेचं करायचं काय, हे कुणाला सुचेना. म्हणून त्याच यंत्राला कम्युटेटर जोडला गेला. हा कम्युटेटर म्हणजे फिरता फिरता जोडण्या उलटवणारा एक स्विच. त्यानं वीज एकाच दिशेनं बाहेर यायला लागली.

गाडीला एकाच दिशेची वीज का लागते? कारण बॅटरी. बॅटरीत वीज एका दिशेनं भरावी लागते. उलटसुलट वीज दिली तर जितकी भराल तितकीच काढून घ्याल.

सुरुवातीच्या मोटारींना या सगळ्याची गरजच नव्हती. पुढचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळायचे आणि इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगनं बनवलेला विजेचा स्टार्टर आला आणि चित्र बदललं. स्टार्टर म्हणजे बॅटरी आली, बॅटरी म्हणजे ती भरणारं यंत्र आलं. ते यंत्र होतं कम्युटेटरवालं, म्हणजेच आपला डायनामो.

डायनामोचा स्वभाव

आता डायनामोचा स्वभाव समजून घेऊ, कारण आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या कितीतरी सवयी त्यातूनच आल्या आहेत.

डायनामोमध्ये वीज तयार होते ती फिरत्या भागात, म्हणजे आर्मेचरमध्ये. ती बाहेर काढायची तर सगळाच्या सगळा करंट कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासणाऱ्या कार्बनमधून न्यावा लागतो. करंट जास्त झाला की ठिणग्या उडतात आणि कार्बन झिजतो. डायनामो फार जोरात फिरवला तर आर्मेचरच्या तारा बाहेर फेकल्या जातात. म्हणून त्याची पुली मोठी ठेवायची आणि त्याला बेतानंच फिरवायचं. याचा परिणाम असा की इंजिन आयडलवर असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही.

जुन्या जीपमध्ये बसलेल्यांना हे आठवत असेल. गाडी चौकात थांबली की दिवे पिवळे, मिणमिणते. ॲक्सिलरेटर दाबला की उजेड वाढला. म्हणून मग उभ्या गाडीतही रेस देत राहायची सवय लागली.

दुसरी गोष्ट कट-आउटची. डायनामो हळू फिरत असताना त्याचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असतो. तेव्हा जोडणी तशीच राहिली तर बॅटरीच उलट डायनामोत रिकामी होईल. म्हणून मध्ये एक डबी बसवायचे. तिच्यात चुंबकानं उघडझाप करणारे पॉइंट असायचे. एक कट-आउट, आणि शेजारी व्होल्टेज व करंट आवरणारे रेग्युलेटर. जुने वायरमन या डबीचं झाकण काढून, पॉइंट पॉलिश पेपरनं घासून, पत्ती किंचित वाकवून चार्जिंग 'सेट' करायचे. ही कला होती, यात शंका नाही.

पुण्यात हे ज्ञान कुठून आलं? बरंचसं लष्कराच्या गाड्यांमधून. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं काढून टाकलेल्या जीप आणि ट्रक देशभर नागरी वापरात आले. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द त्यातूनच रुळला. पुण्यात तर एका बाजूला कॅम्प, दुसऱ्या बाजूला खडकी, दोन्हीकडे छावण्या. शिवाय रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार होताच. युद्धातली विलीज जीप सहा व्होल्टची होती. सहा व्होल्टचा अर्थ असा की तेवढ्याच उजेडासाठी बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. म्हणून त्या गाड्यांच्या तारा जाड असायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिसरी भानगड अर्थिंगची. आज गाडीची बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते. पण एके काळी कितीतरी ब्रिटिश गाड्यांमध्ये आणि काही अमेरिकन गाड्यांमध्ये बॉडीला प्लस जोडलेला असायचा. डायनामोला त्याचं सोयरसुतक नसतं, तो दोन्हीकडे चालतो. अल्टरनेटर मात्र मायनस अर्थचा असेल आणि बॅटरी उलटी जोडली, तर काही क्षणांत त्याचे डायोड जातात. गाडी साठच्या दशकातली किंवा त्याआधीची असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: बॉडीला काय जोडलंय?

पुण्यात गाड्या बनायला लागल्या

हे सगळं होत असताना पुणे बदलत होतं. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून होती. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं कारखान्यांच्या नावांनी ओळखली जायला लागली.

१९५८ साली नवलमल कुंदनमल फिरोदियांच्या पुढाकारानं बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली. हॅम्बुर्गच्या व्हिडाल अँड झोन टेम्पो-वेर्क या कंपनीशी करार होता आणि पहिली गाडी होती हान्सियाट नावाची तीनचाकी. सुरुवात मुंबईला गोरेगावात झाली, मग कारखाना आकुर्डीला आला. टेम्पो शब्द आपल्याकडे आला तो असा. पुढे मॅटॅडोर आली, ट्रॅक्स आली. २००५ साली कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण तोवर टेम्पो हा शब्द कंपनीच्या हातातून निसटून लोकांचा झाला होता.

१९६६ साली टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुणे प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी पुण्यात एआरएआय ही गाड्यांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्थाही स्थापन झाली. गाडीचे विजेचे भाग बनवायला तिकडे चेन्नईजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएस उभी राहत होती. तिची स्थापना १९६१ ची. ब्रिटनची लुकास आणि आपला टीव्हीएस समूह यांची ती भागीदारी. आजही जुन्या पिकअपचा अल्टरनेटर उघडायला घेतला की त्यावर बहुतेक वेळा याच कंपनीचं नाव सापडतं.

एक छोटीशी गोळी

आता येतो डायोड. वाटाण्याएवढा भाग, पण त्यानं डायनामोचं शंभर वर्षांचं राज्य संपवलं.

डायोड म्हणजे विजेसाठी एकेरी वाहतुकीचा रस्ता. लक्ष्मी रोडवर उलट्या दिशेनं शिरता येत नाही, तसं. फरक इतकाच की डायोड कुणालाही सोडत नाही. १९५० च्या दशकात भरपूर करंट झेलणारे सिलिकॉनचे डायोड स्वस्त व्हायला लागले आणि इंजिनिअर लोकांच्या लक्षात आलं की आता कम्युटेटरची गरज नाही. वीज एसीच बनू द्या, डायोड ती सरळ करतील. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि पुढच्या काही वर्षांत सगळे त्याच वाटेनं गेले.

अल्टरनेटरनं डायनामोची रचना उलटी केली. फिरतो तो फक्त चुंबक, आणि त्याला पुरवायला काही अँपिअर पुरतात. मोठा करंट तयार होतो बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांमध्ये, म्हणजे स्टेटरमध्ये. तो कार्बनमधून न्यावाच लागत नाही, म्हणून ठिणग्यांची कटकट संपली. फिरणारा भाग मजबूत असल्यानं पुली लहान ठेवून तो इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं फिरवता येतो, म्हणून आयडलवरही चार्जिंग मिळतं. आणि बॅटरीतून उलटा करंट येत नाही, कारण डायोड येऊ देत नाहीत. कट-आउटची डबी निवृत्त.

आकड्यांत सांगतो. लुकासचा सी-४० नावाचा डायनामो एके काळी फार प्रचलित होता, त्याची क्षमता २२ अँपिअर. त्याच लुकासचा सुरुवातीच्या काळातला ११-एसी अल्टरनेटर ४० च्या पुढे जायचा. आकार साधारण तेवढाच आणि वीज दुप्पट.

जुन्या सवयी, नवं मशीन

पण माणसं एका रात्रीत बदलत नाहीत. डायनामोच्या काळात चार्जिंग तपासायची एक हमखास युक्ती होती. इंजिन चालू ठेवून बॅटरीची टर्मिनल काढायची. पेट्रोल गाडी बंद पडली तर डायनामो गेला, चालू राहिली तर ठीक. डायनामोला त्यानं फारसं काही व्हायचं नाही.

हीच युक्ती अल्टरनेटरवर केली की काय होतं? बॅटरी ही गाडीतली पाण्याची टाकी आहे असं समजा. नळाचा जोर अचानक वाढला तरी टाकी तो झेलते. टाकीच काढून टाकली की सगळा जोर पाइपावर येतो. अल्टरनेटर भर चार्जिंगला असताना बॅटरी सुटली, तर क्षणभर व्होल्टेज कितीतरी पट उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर, म्युझिक सिस्टीम, जे काही जोडलेलं असेल ते उडू शकतं. तरीही ही 'टेस्ट' अजून काही ठिकाणी केली जाते. मी ती स्वतः पाहिली आहे आणि करणारा माणूस अडाणी नव्हता. त्याच्या गुरूनं शिकवलेलं तो इमानदारीनं करत होता. फक्त गुरू डायनामोच्या काळातला होता.

वेल्डिंगचंही तसंच. पिकअपच्या हौद्याला पत्रा लावायचा असतो, वेल्डर येतो, बॉडीला अर्थ लावतो आणि सुरू होतो. आधी बॅटरीची टर्मिनल आणि अल्टरनेटरची जोडणी काढायला हवी, हे बऱ्याचदा कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी चार्जिंगचा दिवा विझत नाही आणि दोष नव्या पार्टवर जातो.

मोबाईल म्हणजे फोन नव्हे

आता १९८० च्या दशकात या. जपानी कंपन्यांच्या भागीदारीत डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान असे हलके ट्रक भारतात आले. टेल्कोनं उत्तर दिलं १९८६ च्या ४०७ नं. आणि १९८८ साली आली टाटा मोबाईल २०६ ही पिकअप. भारतात मोबाईल फोन सुरू झाला १९९५ मध्ये. म्हणजे सात वर्षं पुण्यात 'मोबाईल घेतलाय' याचा अर्थ मागे हौदा असलेली गाडी घेतली, असा होऊ शकत होता!

ही गाडी आपल्या आजच्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे, कारण पुढे तिच्याच पायावर सिएरा उभी राहिली. सिएरात एसी होता, पॉवर विंडो होत्या. चॅसीचं घराणं एक, पण विजेची भूक वेगळी. पिकअपमधल्या माणसाला किती वीज लागते आणि कारमधल्या माणसाला किती लागते, याचा कंपनीनं केलेला हिशेब तारांच्या जाडीत लिहिलेला असतो. पिकअपसाठीचा हिशेब साधा होता: दोन हेडलाइट, मागचे दिवे, वायपर, हॉर्न, फार तर एक कॅसेट प्लेअर.

शिवाय ही गाडी डिझेल. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर फारशी वीज लागत नाही. स्पार्क प्लग नाही, डिझेलचा पंप यांत्रिक. म्हणून 'डिझेल गाडीला करंट कशाला?' असं म्हणायची पद्धत पडली. पेट्रोल गाडीचं चार्जिंग गेलं की थोड्या वेळात गाडीच बंद पडते. डिझेल गाडी मात्र दिवसभर बिनतक्रार धावते आणि रात्री दगा देते. पुरंदरची अंजिरं घेऊन पहाटे तीनला दिवे घाटातून उतरणाऱ्या, मार्केट यार्ड गाठायच्या घाईत असलेल्या गाडीचे दिवे मंदावले, तर त्याची किंमत फक्त बॅटरीत मोजता येत नाही.

आणि मंडळी, इथे या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पेट्रोल इंजिनात हवा खेचताना व्हॅक्यूम तयार होतो आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम मिळत नाही. म्हणून त्या पिढीच्या अनेक भारतीय डिझेल गाड्यांमध्ये अल्टरनेटरच्या पाठीमागे, त्याच शाफ्टवर, व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. अल्टरनेटर फिरतो, पंप फिरतो, ब्रेक हलका राहतो. आता कुणी म्हणालं, 'त्या नव्या कारचा ९० अँपिअरचा अल्टरनेटर बसवून देतो, ब्रॅकेट बनवू,' तर तो तुमच्या ब्रेकचा बूस्टर काढून टाकतोय. ब्रेक लागेल, पण पेडल दगडासारखं होईल. कात्रजच्या उतारावर हे कळून उपयोग नाही.

म्हणून अल्टरनेटर बदलायचा तर आधी त्याच्या पाठीमागे बघा. ऑइलचे पाइप आणि व्हॅक्यूमचा होज असेल, तर नवा अल्टरनेटरही पंपासकटच हवा, नाहीतर पंपाची वेगळी, खात्रीची सोय हवी. आणि जुन्या अल्टरनेटरच्या आत ऑइल दिसलं तर दोष पंपाच्या सीलचा असू शकतो. नुसते कार्बन बदलून तो परत बिघडेल.

तार तीच, करंट तिप्पट

आता थोडं गणित. घाबरू नका, फोनचा कॅल्क्युलेटर पुरतो.

समजा तुमच्या गाडीत अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत दोन मीटर लांब, चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आहे. तिचा रोध साधारण ०.००९ ओहम. २२ अँपिअर वाहत असताना त्या तारेत चार-साडेचार वॅट उष्णता तयार होते. काही जाणवणारही नाही. आता तुम्ही ६० अँपिअर देऊ शकणारा अल्टरनेटर बसवला, बॅटरी उतरलेली आहे आणि तो पूर्ण ताकदीनं चार्ज करतोय. त्याच तारेत तीसच्या वर वॅट. करंट पावणेतीन पट झाला, उष्णता सातपटीहून जास्त, कारण उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. आणि हे झालं अखंड तारेचं. गंजलेला लग किंवा ढिली पिन असेल तर ही सगळी उष्णता एका बिंदूवर जमा होते.

कितीतरी जुन्या जीप आणि ट्रकमध्ये डॅशबोर्डवर अँपिअरमीटर असतो. तो दिसायला देखणा, पण चार्जिंगचा सगळा करंट इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत येऊन त्याच्यातून परत जातो. ३० अँपिअरसाठी बनवलेल्या त्या काट्यातून ६० गेले, तर आग डॅशबोर्डच्या मागे, तुमच्या गुडघ्यांपाशी लागते. म्हणून अपग्रेड करताना अँपिअरमीटरची जोडणी काढून व्होल्टमीटर लावावा. जुन्या मीटरची काच आणि काटा शोभेला ठेवा हवं तर.

दिव्यांचंही असंच. जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून दिव्यापर्यंत जातो. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे दहा अँपिअर. वाटेत एक-सव्वा व्होल्ट हरवणं अगदी सहज शक्य आहे. हॅलोजनच्या बल्बचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला की उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. मग मालक म्हणतो उजेड कमी पडतोय, ९०/१०० वॅटचे बल्ब टाका. करंट आणखी वाढतो, वाटेत आणखी व्होल्ट हरवतात, आणि एक दिवस स्विच वितळतो. दोष ना बल्बचा असतो ना अल्टरनेटरचा. वाटच अरुंद असते.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. मी म्हणेन, असा ठेवा.

सगळ्यात आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान हवं. ते मिळत असेल तर अल्टरनेटर बदलायची गरजच आहे का, हा प्रश्न आधी विचारा.

मग अर्थिंग. इंजिनापासून चॅसीला, चॅसीपासून बॅटरीला, बॉडीपासून चॅसीला जाणाऱ्या जोडण्या उघडा, रंग आणि गंज खरवडा, नव्या जाड तारा टाका. जुन्या गाडीच्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात आणि खर्च सगळ्यात कमी.

तिसरं, हेडलाइटला रिले आणि फ्यूज. स्विच फक्त रिलेला इशारा देईल, मोठा करंट बॅटरीकडून जाड तारेनं थेट दिव्याला जाईल. एलईडीनं भार कमी होतो हे खरं. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत एलईडी बल्ब खुपसला की उजेड विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. मागच्या दिव्यांना आणि हौद्यातल्या दिव्याला एलईडी उत्तम.

चौथं, चार्जिंगची नवी तार. ६० अँपिअरसाठी १६ चौरस मिलिमीटरची, आणि बॅटरीच्या टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज. फ्यूज अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा मोठा, पण तारेच्या क्षमतेपेक्षा लहान.

आणि मग पाचव्या क्रमांकावर अल्टरनेटर. व्हॅक्यूम पंप बघून, पुली एका रेषेत बसवून, बेल्टचा ताण जमवून. एक व्ही-बेल्ट किती ओढू शकतो यालाही मर्यादा आहे, ९० अँपिअरचा हट्ट धरला की बेल्ट किंचाळायला लागतो. शेवटची एक बारीक गोष्ट: डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा काढू नका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीची चुंबकशक्ती त्याच दिव्यातून येणाऱ्या करंटवर मिळते. दिवा उडाला तर अल्टरनेटर झोपूनच राहू शकतो.

मग 'ओरिजिनल'चं काय?

जुन्या गाड्यांचे शौकीन इथे नाराज होतील. डायनामो काढला म्हणजे गाडीचा आत्मा काढला, असं मानणारे आहेत. मला त्यांचं म्हणणं कळतं. प्रदर्शनात उभी राहणारी, वर्षातून दोनदा दिवसाउजेडी बाहेर निघणारी जीप असेल, तर डायनामो जरूर ठेवा. बाहेरून हुबेहूब डायनामो दिसणारे आणि आत अल्टरनेटर असलेले नगही मिळतात.

पण पिकअप ही मुळात कामाची गाडी. तिच्या मालकांनी तिला कधीच आहे तशी ठेवली नाही. कुणी हौदा उंच केला, कुणी हॉर्न वाढवले, कुणी गणपतीत दिव्यांच्या माळा लावल्या. प्रत्येकानं एक तार जोडली आणि चिकटपट्टी गुंडाळली. ती चिकटपट्टीही इतिहासच आहे, फक्त तो कुणी लिहून ठेवला नाही. म्हणून पुढचा मिस्त्री प्रत्येक वेळी अंधारात चाचपडतो, आणि अंदाजानं अजून एक तार जोडतो.

त्यामुळे अपग्रेडमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम सांगतो. वायरिंग झाल्यावर एक कागद घ्या. कुठली तार कुठून कुठे जाते, तिचा रंग, जाडी, कुठला फ्यूज किती अँपिअरचा, अल्टरनेटर कुठल्या गाडीचा, तारीख कोणती, सगळं साध्या मराठीत लिहा. कागद लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि फोटो फोनमध्ये. काढलेला रेग्युलेटर, जुना मीटर एका डब्यात नाव घालून ठेवा. वीस वर्षांनी ती गाडी कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. पण ज्याच्या हातात असेल, त्याला टर्मिनल ओढून बघायची वेळ येणार नाही.

तर मंडळी, तुमच्या घरी, शेतावर, वाड्याच्या मागे अशी एखादी जुनी पिकअप उभी असेल, तर या रविवारी बॉनेट उघडा आणि अल्टरनेटरच्या पाठीमागे टॉर्च मारा. पंप आहे का बघा. बॉडीला काय जोडलंय बघा. आणि घरातल्या ज्या कुणी ती चालवली असेल त्यांना विचारा, रात्री घाटात दिवे कसे लागायचे? जे ऐकाल ते रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, गाडी चालू असताना बॅटरीला हात लावू नका!